पानिपतावर यात्रेकरूही होते

पूर्वरंग



आषाढीची वारी चाललेल्या मंडळींनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या गोल धरून उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यात चोपदार चोप उंचावतो आणि सगळा तळ गप्प होतो. एखाद्या दिंडीचे टाळ तेवढे वाजतच राहिले तर समजायचं, त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातात, कुणाचं काय हरवलं, कुणाचं काय चुकलं ते ऐकून घेतात आणि मगच आरती होते.

ही शिस्त आली कुठून, असं कधी मनात आलं का हो तुमच्या? आळंदीला महाद्वारात आपण पहिल्या पायरीवर डोकं टेकवतो. ती हैबतबाबांची पायरी. हैबतबाबा आरफळकर हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या चाकरीत त्यांनी दिवस काढले. फौज कशी हलते, मुक्काम कसा पडतो, पुढे कोण आणि मागे कोण, घोडा कुठे आणि निशाण कुठे, हे सगळं त्यांनी पाहिलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं, अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. तेव्हा वारीच्या वाटेत भक्ती संतांची आहे आणि चालण्याची शिस्त शिपायाची आहे. हे आपण विसरलो, म्हणून मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आज आख्यान सांगायचं आहे ते याच्या उलट बाजूचं. तिथेही फार मोठा जमाव होता. तिथेही भगवा झेंडा होता, देवाचं नाव होतं, शौर्य तर असं होतं की शत्रूनेही मान डोलवावी. आणि माउली, तिथे यात्रेकरूही होते, तुमच्या-माझ्यासारखे. ती जागा म्हणजे पानिपत.

पानिपत म्हटलं की आपल्याकडे एक शब्द तयार असतो: दैव. दैव फिरलं, ग्रह फिरले, काळ आला. मी तुम्हाला हात जोडून सांगतो, हा शब्द आज थोडा बाजूला ठेवा. दैवावर ढकललं की शिकायला काही उरत नाही आणि मेलेल्या माणसांचं ऋणही फिटत नाही. आपली चूक देवाच्या माथी मारायची आणि त्यालाच पुन्हा हार घालायचा, ही भक्ती नव्हे.

उत्तररंग

इसवी सन १७६०. जानेवारीच्या १० तारखेला दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. फेब्रुवारीत इकडे सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला होता. दत्ताजी गेल्याची बातमी दक्षिणेत आली आणि अहमदशहा अब्दालीचा बंदोबस्त करायला फौज निघाली. मार्चमध्ये ती पतदूरहून निघाली. पतदूर म्हणजे आजचं परतूर, आपल्या जालना जिल्ह्यातलं. हे गाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला याच जिल्ह्यात परत यायचं आहे.

फौजेबरोबर पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव होते. इब्राहिमखान गारदी होते, त्यांच्या हाताखाली कवायती पायदळ आणि तोफखाना. आणि त्यांच्यामागे बायका, मुलं, नोकरचाकर, व्यापारी, आणि काशी-मथुरा-कुरुक्षेत्र घडेल या आशेने निघालेली माणसं. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते.

त्यांत एक १८ वर्षांचा मुलगा होता. अंगाने किरकोळ, मनाने देवभोळा. बरोबर आई आणि बायको. मोठी फौज चालली आहे, वाट सुरक्षित आहे, आईला तीर्थं घडतील, असा सरळ विचार. आज आपण म्हणत नाही का, 'भाऊ गाडी घेऊन चाललाय ना, मग आईला तेवढं तुळजापूर करून आण'? तसंच. तो मुलगा म्हणजे पुढे ज्यांना सगळा हिंदुस्थान नाना फडणवीस म्हणून ओळखू लागला ते. त्यांची आई त्या वाटेवरून परत आली नाही. नानांनी पुढे आपलं आत्मचरित्र लिहिलं, त्यात हा प्रवास आणि ही पळापळ दोन्ही आहेत.

त्या माउलीचा काय दोष? काही नाही. तिला गोकुळ-वृंदावन पाहायचं होतं. पण पोट तिलाही होतं. एक यात्रेकरू म्हणजे रोजचं शेरभर धान्य, त्याचा बैल म्हणजे रोजचा चारा, त्याचं ओझं म्हणजे फौजेचा मंद पाय. बखरी सांगतात की भरतपूरचे सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांचा सल्ला असा होता की बायकामुलं आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवा, हलके व्हा, गनिमी काव्याने शत्रूची रसद मारा. तो मानला गेला नाही. भाऊंचीही बाजू होती. तोफखाना आणि कवायती पायदळ घेऊन पळापळीची लढाई करता येत नाही, आणि उदगीरला याच तोफांनी विजय दिला होता. पण दोन पद्धतींपैकी एक निवडायची तर ती पूर्ण निवडावी लागते. जड तोफखाना घ्यायचा तर मागे धान्याची अखंड वाट लागते. ती वाट राखायची व्यवस्था नव्हती.

ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली. पण खजिना रिकामा. फौजेचा पगार भागवायला दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवावं लागलं. सूरजमल नाराज होऊन निघून गेले. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला आपल्याकडे येईल अशी आशा होती, त्याला नजीबखान रोहिल्याने अब्दालीच्या गोटात नेलं. राजपूत राजे बाजूला राहिले. का राहिले? कारण त्याआधीची कित्येक वर्षं आपली फौज त्यांच्या दारात गेली ती चौथाई मागायला. माउली, ज्याच्या अंगणात आपण फक्त वसुलीला जातो, तो आपल्या घराला आग लागल्यावर घागर घेऊन धावत नाही. गावातल्या भाऊबंदकीला जे लागू, तेच राज्यांनाही लागू.

ऑक्टोबरच्या १७ तारखेला भाऊंनी कुंजपुरा जिंकला. मोठा विजय. धान्य मिळालं, दत्ताजींचा सूड उगवला गेला, दसरा साजरा झाला. आता जवळच कुरुक्षेत्र. एवढं आलोच आहोत तर तीर्थ करावं म्हणून फौज तिकडे सरकू लागली. आणि तेवढ्यात बातमी आली: अब्दाली यमुना उतरला! दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ, भरलेल्या नदीत घोडे घालून त्याने फौज अलीकडे आणली. यमुनेला पाणी आहे, ती शत्रू ओलांडणार नाही, अशा भरवशावर आपण राहिलो होतो. उतारांवर पुरेशी चौकी नव्हती.

इथे थोडं थांबा. नदी, डोंगर, समुद्र ही देवाने दिलेली भिंत आहे, पण त्या भिंतीवर पहारेकरी माणसानेच ठेवायचा असतो. छत्रपती शिवाजी महाराजांना हे कळत होतं. सह्याद्री आहे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत, त्यावर किल्ले बांधले. समुद्र आहे म्हणून निर्धास्त झाले नाहीत, आरमार उभारलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार यांना स्वतंत्र जागा दिली आहे ती उगाच नाही.

आता परिस्थिती कशी झाली पाहा. अब्दाली दक्षिणेला आणि मराठे उत्तरेला. दोघेही एकमेकांची घरची वाट अडवून बसले. आपल्याला दिल्ली गाठायची तर त्याच्या अंगावरून जायचं. नोव्हेंबरच्या आरंभी भाऊंनी पानिपतला मुक्काम केला, खंदक खणला, तोफा मांडल्या. अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर.

या अडीच महिन्यांत खरी लढाई झाली, आणि ती भाकरीची झाली. गोविंदपंत बुंदेले दुआबात अब्दालीची रसद तोडायच्या कामावर होते, ते डिसेंबरमध्ये मारले गेले. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. पतियाळाच्या आला जाटाकडून धान्य येत होतं, ती वाटही बंद झाली. रात्री चारा-लाकूड आणायला बाहेर पडलेली माणसं परत येईनात. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी अंधारात वाट चुकली आणि थेट शत्रूच्या छावणीत शिरली. थंडी उत्तरेकडची, कपडे दख्खनचे. जनावरं मरू लागली. बातमी जाईना आणि येईना. नानासाहेब पेशवे मदतीला निघाले होते, पण ते माळव्यापर्यंतच पोचले.

शेवटी सरदार भाऊंच्या डेऱ्यात आले. त्यांचं म्हणणं एकच होतं, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. विडे वाटले गेले. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१. उरलंसुरलं खाऊन पहाटे माणसं खंदकाबाहेर पडली.

बेत गोलाचा होता. तोफा आणि पायदळ बाजूंना, बायकामुलं मधे, सगळ्यांनी एकत्र सरकत दिल्लीची वाट धरायची. बेत चांगला, पण त्याचा सराव कुणी केला होता? गारद्यांनी रोहिल्यांना कापून काढलं. भाऊंच्या मधल्या फळीने अब्दालीच्या वजिराची फळी फोडली. दुपारपर्यंत पारडं आपल्या बाजूला होतं. पण काही घोडेस्वारांना धीर निघाला नाही, ते गोल सोडून पुढे धावले आणि स्वतःच्याच तोफांच्या पुढे आले. पायदळाने जागा धरून लढायचं असतं, घोडेस्वाराला धावून लढायची सवय. दोघे शूर, पण एका तालावर कधी चाललेच नव्हते. पखवाज एका लयीत आणि टाळ दुसऱ्या लयीत, मग भजन कसं रंगणार?

तिकडे अब्दालीने काय केलं? त्याने ताज्या दमाची माणसं राखून ठेवली होती. पळणाऱ्या आपल्याच लोकांना त्याने मागे फिरवलं. दुपारी आपली माणसं आणि घोडी भुकेने गळून गेली, तेव्हा त्याने ही राखीव फौज आणि उंटांवरच्या लहान तोफा पुढे घातल्या. त्याच सुमारास विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली, आणि लढाई संपली. पुढाऱ्यानंतर कोण, हे ज्या फौजेला ठाऊक नसतं, ती एका गोळीने मोडते.

पुढचं मी फार सांगत नाही. गोलाच्या मधे जे होते, त्यांच्यावर त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी काय गुदरलं ते बोलवत नाही. इब्राहिमखानांना धर्म पुढे करून फोडायचे प्रयत्न झाले होते, ते फुटले नाहीत. ते जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले आणि हाल होऊन मेले. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शिकावं. आणि जे सूरजमल रुसून गेले होते, त्यांनीच भरतपूरच्या राज्यात पळून आलेल्या हजारोंना अन्न दिलं, कपडे दिले, वाटखर्ची दिली. जो माणूस पडत्या काळात एवढं करतो, तो चढत्या काळात बरोबर राहिला असता तर!

नानासाहेबांना बातमी मिळाली ती सावकाराच्या सांकेतिक चिठ्ठीतून, मोती, मोहरा आणि नाण्यांच्या भाषेत. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर त्यांनी देह ठेवला.

आता आख्यान इथे संपवलं तर तुम्ही डोळे पुसत घरी जाल. पण कीर्तनाहून माणसाने रडत जाऊ नये, जागं होऊन जावं. म्हणून पुढचं ऐका.

त्या पळापळीत एक तरुण सरदार पायावर घाव लागून पडला होता. सांगतात की राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्याला पाहिलं, पखालीच्या बैलावर घातलं आणि वाचवून दक्षिणेत आणलं. तो सरदार म्हणजे महादजी शिंदे. पाय जन्मभर लंगडा राहिला. राणेखानाला त्यांनी भाऊ मानलं आणि मोठ्या पदाला चढवलं. इकडे पुण्यात १६ वर्षांचे माधवराव पेशवे झाले. १७६३ मध्ये राक्षसभुवनाला, गोदावरीकाठी, निजाम हरला. १७७१ च्या फेब्रुवारीत, पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांनी, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि पुढल्या वर्षी बादशहा शहाआलमला तख्तावर आणून बसवलं. हे घडवणाऱ्यांत तोच लंगडा महादजी होता. दैव दैव म्हणत बसले असते तर हे झालं असतं का?

महादजींनी पानिपताचा धडा नीट वाचला होता. घोडदळाच्या जोडीला तोफा आणि कवायती पायदळ हवंच, हे त्यांनी ओळखलं. सॅव्हॉयचा सेनानी डी बॉइन याला नेमून पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतल्या. पण एक धडा अर्धा राहिला. विद्या बाहेरून आणली, ती शिकवणारे अधिकारी मात्र आपल्यातून घडवले नाहीत. महादजी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला गेले. पुढे १८०३ ला इंग्रजांशी युद्ध जुंपलं तेव्हा त्या पलटणींचे अनेक युरोपीय अधिकारी ऐनवेळी नोकरी सोडून निघून गेले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. तोफखाना असा लढला की इंग्रजांची माणसं फार पडली, तरीही हार झाली. असई कुठे आहे? भोकरदनजवळ, जालना जिल्ह्यात. परतूरहून फौज निघाली, आणि ४३ वर्षांनी त्याच मुलखात शेवटचा धडा मिळाला: शस्त्र उसनं मिळतं, पण ते चालवणारा हात आणि हुकूम देणारं डोकं आपलंच असावं लागतं.

महाराज, हे जुनं झालं, आज याचं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा हिमालयाच्या थंडीत आपले कितीतरी जवान सुती कपड्यांत उभे होते. रस्ते नव्हते, दारूगोळा अपुरा होता. हिमालय आहे, तो कोण ओलांडणार, अशी समजूत होती. यमुनेचीच समजूत ती! त्या पडत्या काळात यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणखातं हाती घेतलं, आणि डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन उभ्या करण्याचं काम मार्गी लागलं. १९७१ मध्ये मात्र सेनाप्रमुख माणेकशांनी एप्रिलमध्येच लगेच चढाई करायला नकार दिला. हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलं. पावसात पूर्व बंगालच्या नद्या फुगतील, फौजेची तयारी व्हायची आहे, हिवाळ्यात उत्तरेकडच्या खिंडी बर्फाने बंद होतील, तोवर थांबा. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार झाला, म्हणजे सोयरा आधी जोडला. सीमेजवळ धान्य, दारूगोळा साठला. डिसेंबरच्या ३ तारखेला युद्ध सुरू झालं आणि १६ तारखेला ढाक्यात संपलं. ९३ हजार जण शरण आले. पानिपतावर जे जे कमी पडलं, ते ते इथे आधी जमवलं होतं.

आणि तुमचं-माझं काय? आपण तोफ ओढणारे नाही. पण लक्षात ठेवा, पानिपतावर यात्रेकरूही होते. आजही अमरनाथच्या वाटेवर जवान रात्रंदिवस उभा असतो, कुणाच्या रक्षणाला? तुमच्या-माझ्या. तिथे नोंदणीशिवाय घुसायचं, ठरलेली वेळ मोडायची, प्रकृती लपवून चढायचं, 'भोले सांभाळेल' म्हणायचं. सांभाळणारा तो जवान असतो, माउली, आणि आपल्या एकाला उचलायला त्याचे चार जण लागतात. युद्धाचे दिवस आले की मोबाइलवर फौजेच्या गाड्यांचे फोटो फिरवायचे, ऐकीव बातम्या पुढे ढकलायच्या, दुकानात साखरेची पोती दडवायची. हे करणारा माणूस कपाळाला कितीही बुक्का लावो, गोलाच्या मधे ओझंच होतो. आणि ज्याने आपली शिदोरी आपण बांधली, वाटेत शिस्त पाळली, शेजारी कुठल्या जातीचा-धर्माचा हे न बघता राणेखानासारखं पडलेल्याला उचललं, तो फौजेत नसूनही देशाचा शिपाई आहे.

शिंद्यांच्या त्याच घराण्याच्या चाकरीतून हैबतबाबा पुढे परत आले, आणि फौजेची शिस्त त्यांनी माउलींच्या पायी वाहिली. आज आपल्या दिंडीत पाण्याचा टँकर पुढच्या मुक्कामाला आधी पोचतो. स्वयंपाकाचं सामान कोणत्या ट्रकमध्ये आहे ते विणेकऱ्याला ठाऊक असतं. म्हातारं माणूस मागे पडलं तर कुणीतरी थांबतं. लाखोंचा जमाव जातो आणि उपाशी झोपत नाही. पानिपतावर जे मोडलं, ते आपण दरवर्षी आषाढात जुळवून दाखवतो. मग तेवढंच घरी, गावात, देशाच्या कामात नको का जुळवायला?

यंदा तळावर चोप वर गेला की क्षणभर डोळे मिटा. त्या शांततेत पौषातल्या त्या दुपारी मोडलेल्या गोलाची आठवण करा, आणि गोकुळ-वृंदावन पाहायला गेलेल्या, परत न आलेल्या त्या आईचीही. तिच्या नावाने एकच पण करा: मी जिथे जाईन तिथे ओझं होणार नाही, आधार होईन.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!